आम्ही, आपण आणि एक जहाज

मे महिन्यातील एका गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता माझ्या वर्गातील नऊ मुले शाळेच्या ग्रंथालयात पडद्यासमोर बसली होती. पडद्याच्या पलीकडे, योकोहामातील एका शाळेत, शुक्रवार उजाडून सकाळचे साडेनऊ वाजले होते. व्हँकुव्हरच्या परिसरातील एका सरकारी शाळेत मी दहावी-अकरावीच्या मुलांना सामाजिक शास्त्रे शिकवते. जपानमधील त्या शाळेशी आमची काही वर्षांपासून देवाणघेवाण चालू आहे. वर्षातून एकदा आमची मुले त्यांना एखाद्या विषयावर सादरीकरण करून दाखवतात आणि पुढच्या सत्रात ती मुले आम्हाला. आजवरचे विषय सण, खेळ, किनाऱ्यावर येणारे देवमासे असे निरुपद्रवी होते. यंदा मुलांनी स्वतःहून ‘कोमागाता मारू’ हा विषय मागितला, आणि त्यांनी दिलेले कारण मला खोडून काढता आले नाही. ३ मे १९१४ रोजी हे जहाज व्हँकुव्हरकडे निघाले ते योकोहामाच्या बंदरातून. मग ही गोष्ट त्या बंदरातल्या मुलांना सांगायची नाही तर कोणाला?

या नऊ जणांपैकी सहा जण पंजाबी घरांतले. एका मुलाच्या पणजोबांनी चीनहून येताना माणशी ५०० डॉलर कर भरला होता. एका मुलीचे पणजी-पणजोबा १९४२ साली याच किनाऱ्यावरून उठवल्या गेलेल्या जपानी वस्तीतले. नववी मुलगी दोन वर्षांपूर्वी फिलिपिन्सहून आलेली होती, आणि पहिल्याच बैठकीत तिने सरळ सांगितले की या इतिहासात तिचे कोणीच नाही, त्यामुळे बाहेरच्याला जे कळणार नाही ते विचारण्याचे काम ती करील. ते काम तिने इतके चोख केले की पुढच्या आठ आठवड्यांतील निम्मे श्रेय तिचे आहे.

पहिला मसुदा वाचताना तिने बोट ठेवले ते अगदी पहिल्याच वाक्यावर. ‘१९१४ साली ३७६ प्रवाशांना घेऊन आलेले जहाज परत पाठवण्यात आले.’ तिने विचारले, कोणी पाठवले? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कॅनडाने, असे एकाने म्हटले. म्हणजे नक्की कोणी, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्या दिवशी तास संपला तरी आम्ही त्याच वाक्यावर होतो. इमिग्रेशन अधिकारी माल्कम रीड यांनी जहाज धक्क्याला लागू दिले नाही. खासदार एच. एच. स्टीव्हन्स यांनी रीड यांच्या पाठीशी उभे राहून शहरात सभा घेतल्या. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अपील न्यायालयाने ६ जुलैला मुन्शी सिंग या प्रवाशाच्या खटल्यात एकमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांच्या सरकारने शेवटी ‘रेनबो’ ही युद्धनौका पाठवली. कॅनडाच्या नौदलाकडे तेव्हा मोठी अशी दोनच जहाजे होती. त्यांतले एक निःशस्त्र प्रवाशांना हुसकावण्यासाठी आले. ‘परत पाठवण्यात आले’ या तीन शब्दांत एवढी माणसे लपली होती. आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारात ‘कळविण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला’ अशी वाक्ये वाचत मी लहानाची मोठी झाले असल्यामुळे ही सोय मला परकी नव्हती. पण इंग्रजीतही ती तितकीच सहज वापरली जाते, हे एका सोळा वर्षांच्या मुलीने दाखवून द्यावे लागले.

ज्यांना ही हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंजाबमधील सरहाली गावचे आणि सिंगापूर-मलायात व्यवसाय करणारे बाबा गुरदित सिंग यांनी हे जपानी मालकीचे जहाज भाड्याने घेतले. एप्रिलमध्ये हाँगकाँगहून निघून शांघाय आणि जपानमधील मोजी व योकोहामा येथे प्रवासी घेत ते २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या खाडीत पोहोचले. प्रवासी बहुतेक पंजाबी शीख होते, काही मुसलमान आणि थोडे हिंदू. कॅनडात आधीपासून राहत असलेले वीसएक जण आणि जहाजावरील डॉक्टरांचे कुटुंब वगळता कोणालाही उतरू दिले गेले नाही. (उतरू दिले नाही ते रीड यांनी, बघा, सवय लवकर जात नाही.) दोन महिने हे जहाज शहराच्या डोळ्यांसमोर नांगरून पडले होते. अन्नपाण्याची टंचाई झाली. किनाऱ्यावर आधी स्थायिक झालेल्या हिंदी लोकांनी हुसेन रहीम यांच्या पुढाकाराने समिती काढली, जहाजाच्या भाड्यासाठी पैसे उभे केले, वकील दिला. २३ जुलैला जहाज परत फिरले. सप्टेंबरच्या अखेरीस ते कलकत्त्याजवळ बजबज येथे लागले. तिथे ब्रिटिश सरकारने प्रवाशांना सक्तीने खास गाडीत बसवून पंजाबात पाठवायचे ठरवले होते. प्रवाशांनी नकार दिला, चकमक झाली आणि गोळीबारात सुमारे वीस प्रवासी ठार झाले.

एवढे सगळे मुलांना आधीपासून माहीत होते, किंबहुना पंजाबी मुलांना ते पाठच होते, आणि अडचण तिथेच होती. घरी, गुरुद्वारात, मेळ्यात ऐकलेली गोष्ट त्यांच्या तोंडी ठरलेल्या चालीत येत असे. ऐकणाऱ्याला सगळे ठाऊक आहे असे त्या चालीने गृहीत धरलेले असते. योकोहामाच्या मुलांना मात्र शीख म्हणजे कोण, पंजाब कुठे, हिंदुस्थानातली माणसे १९१४ साली हाँगकाँगमध्ये काय करत होती, यातले काहीच ठाऊक नसणार होते. बरीच शीख माणसे ब्रिटिश साम्राज्याच्या पलटणीत आणि पोलिसात नोकरी करत हाँगकाँग-शांघायपर्यंत पोहोचली होती, आणि ज्या साम्राज्याची चाकरी केली त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या भागात आपल्याला जाता येईल असे त्यांना वाटले होते. या एका वाक्यापर्यंत पोहोचायला मुलांना दोन आठवडे लागले, कारण परक्याला सांगायची वेळ येईपर्यंत त्यांनी स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

त्यातच जपानमधल्या शिक्षिकेने एक अट घातली. त्यांच्या मुलांचे इंग्रजी जेमतेम असल्यामुळे संपूर्ण संहिता दोन आठवडे आधी हवी होती, आणि वाक्ये अशी हवी होती की वाटेत थांबून त्यांना जपानीत सांगता येतील. या अटीमुळे आमच्या लेखनातून सर्वप्रथम विशेषणे गेली. ‘लाजिरवाणा’, ‘अमानुष’, ‘शूर’, ‘काळा अध्याय’ हे सगळे शब्द भाषांतराला अवघड आणि माहितीच्या दृष्टीने पोकळ निघाले. सुरुवातीला मुलांना वाटले की आपण गोष्टीतला रागच काढून टाकत आहोत. मलाही थोडी धाकधूक होती. परंतु ‘१९ जुलैच्या पहाटे शंभराहून अधिक पोलिस एका टगबोटीत बसून जहाजावर चढायला आले, आणि प्रवाशांनी वरून त्यांच्यावर दगडी कोळसा आणि विटा फेकल्या’ हे वाक्य जेव्हा आमच्या मुलांनी मोठ्याने वाचले, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती कोणत्याही विशेषणाने आणली नसती. तो कोळसा मोजी बंदरात भरलेला होता, हे शोधून काढल्यावर तर एका मुलाने ते वाक्य जपानी मुलांसाठी खास राखून ठेवले.

खरी ओढाताण झाली ती एका सर्वनामावरून. पंजाबी घरातील एका मुलीच्या मसुद्यात, तिसऱ्या पानावर, ‘त्यांनी आम्हाला उतरू दिले नाही’ असे होते, आणि सहाव्या पानावर ‘२०१६ साली आम्ही संसदेत माफी मागितली.’ इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम. फिलिपिन्सच्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारले, तू जहाजावर होतीस की संसदेत? प्रश्न खोचक वाटला तरी तो बिनतोड होता. ही मुलगी कॅनडात जन्मलेली, कॅनडाचे पारपत्र असलेली, आणि तिचे घराणे १९७०नंतर आलेले. जहाजावर तिचे रक्ताचे असे कोणीच नव्हते. तरीही ‘आम्हाला’ हा शब्द तिला सोडवत नव्हता, आणि माझ्या मते तिने तो सोडूही नये.

मी त्यांना सांगितले की माझ्या भाषेत या जागी पळवाट नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. बोलण्यापूर्वी ठरवावेच लागते. हे ऐकताच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की त्याची आजी ‘असीं’ही म्हणते आणि ‘आपां’ही, आणि त्याने आजवर ते एकाच अर्थाचे दोन शब्द समजले होते. त्या दिवशी घरी जाऊन त्याने आजीला विचारले. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की ‘आपां’मध्ये समोरचा माणूस धरलेला असतो, आणि आजी त्याच्यावर जवळजवळ चिडली की एवढे तुला कोणी शिकवले नाही का. त्यानंतर आमच्या संहितेच्या समासात एक खूण आली. जिथे इंग्रजी ‘वी’ असेल तिथे ‘असीं’ की ‘आपां’ ते पेन्सिलीने लिहायचे, आणि तिथे कोणीच बसत नसेल तर सर्वनाम काढून नाव घालायचे. सत्तावीस ठिकाणांपैकी अकरा ठिकाणी नाव घालावे लागले.

माझी स्वतःची जागा कोणती, हे मला या निमित्ताने तपासून पाहावे लागले. मी या देशात आले ती १९६७ साली सुरू झालेल्या गुणपद्धतीच्या वाटेने. शिक्षण, वय, भाषा यांचे गुण मोजून. माझ्या माणसांनी इथे लाकूडगिरणीत काम केले नाही, मताधिकार गमावला नाही, जहाजावर तहान सोसली नाही. तरी १९०७ साली इथल्या हिंदी लोकांकडून काढून घेतलेला आणि १९४७ साली परत मिळालेला मताधिकार मी बजावते, तो त्या माणसांनी भांडून मिळवलेला आहे. मला ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क नाही, आणि ‘ते’ म्हणणे मनाला पटत नाही. मुलांना मी हे असेच सांगितले.

सादरीकरणातला सर्वांत कठीण भाग कायद्याचा ठरला. १९०८ सालच्या ज्या नियमाने हे जहाज अडवले त्यात ‘हिंदुस्थान’ हा शब्दच नाही. नियम एवढाच होता की येणाऱ्याने आपल्या जन्माच्या अथवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या सलग तिकिटावर, कुठेही प्रवास न मोडता आले पाहिजे. सोबत आशियाई माणसाच्या खिशात २०० डॉलर असण्याची अट होती, जी पूर्वी २५ डॉलर होती. मुलांपैकी एकाने ग्रंथालयातील पृथ्वीचा गोल आणला आणि लोकरीचा धागा कलकत्त्यावर धरून व्हँकुव्हरपर्यंत ताणला. धागा वाटेत कुठे टेकला नाही तर तुम्ही आत, टेकला तर बाहेर. पाण्यावरून जाणाऱ्या वाफेच्या जहाजाला कोळसा आणि पाणी घ्यायला थांबावेच लागे, आणि थेट तिकीट देणाऱ्या कंपनीवर ते न देण्यासाठी सरकारचा दबाव होता. म्हणजे कागदावर कोणालाच बंदी नव्हती आणि प्रत्यक्षात धागा कोणाचाच टिकणार नव्हता. जपानी लोकांसाठी वेगळी व्यवस्था होती: १९०७च्या सप्टेंबरात व्हँकुव्हरमध्ये आशियाईविरोधी दंगल झाल्यानंतर जपानने आपणहून वर्षाला सुमारे ४०० जणांची मर्यादा मान्य केली होती. चिनी लोकांसाठी तिसरी: १८८५ साली ५० डॉलर, १९०० साली १००, १९०३ साली ५०० असा चढता प्रवेशकर, आणि १९२३ ते १९४७ जवळजवळ संपूर्ण बंदी. तीन समाजांसाठी एकाच हेतूची तीन वेगवेगळी यंत्रे. पणजोबांनी कर भरल्याचा कागद घरात जपून ठेवलेल्या मुलाने त्यावरच्या छायाचित्राची प्रत दाखवली आणि एवढेच म्हटले की ५०० डॉलर म्हणजे त्यांची सुमारे दोन वर्षांची कमाई होती.

धाग्याचा प्रयोग पाहताना मला माझे पहिले तिकीट आठवले. मुंबईहून निघून युरोपातील एका विमानतळावर चार तास थांबून मी इथे पोहोचले होते. तेव्हा ते चार तास केवळ कंटाळवाणे वाटले होते.

विरोध दोन बाजूंनी झाला, आणि दोन्हींची दखल घ्यावी लागली. शाळेतील एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सौम्यपणे विचारले की आपल्या देशाची उणीदुणी परदेशी मुलांपुढे चव्हाट्यावर मांडायची काय गरज आहे. हे आपसातले आहे, आपल्या वर्गात शिकवू. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु ही गोष्ट हाँगकाँग, जपान, कॅनडा आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये घडली. ती एका देशाच्या आपसातली कधीच नव्हती. शिवाय जहाज जपानी मालकीचे, कप्तान यामामोटो आणि खलाशी जपानी. जहाज परतीच्या वाटेवर ऑगस्टमध्ये पुन्हा योकोहामाला गेले होते. चार भिंतींच्या आत ठेवण्यासारखी ही गोष्ट असती तर मुळात घडलीच नसती.

दुसरा आक्षेप एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा होता आणि तो अधिक अवघड होता. जहाज गेल्यानंतर व्हँकुव्हरमध्ये रक्तपात झाला. इमिग्रेशन खात्याचे डब्ल्यू. सी. हॉपकिन्सन हे हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवत. त्यांचा खबऱ्या बेला सिंग याने सप्टेंबरमध्ये गुरुद्वारात गोळ्या झाडून दोन जणांना ठार केले. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हॉपकिन्सन २१ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यायालयात आले असता मेवा सिंग यांनी त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. ११ जानेवारी १९१५ रोजी मेवा सिंग यांना फाशी झाली, आणि इथल्या गुरुद्वारांत आजही ते हुतात्मा म्हणून स्मरले जातात. त्या वडिलांचे म्हणणे असे की हा भाग सांगूच नका, कारण परके लोक आधीचे सगळे विसरतील आणि तेवढा खून लक्षात ठेवतील. मला त्यांची भीती खरी वाटली. ज्यांच्याकडे कायम संशयाने पाहिले गेले त्यांनी असे सावध असणे स्वाभाविक आहे. तरी भाग गाळला असता तर आमचे प्रवासी केवळ सोसणारे ठरले असते, आणि माणसे केवळ सोसत नाहीत. मुलांनी मत घेतले. सहा विरुद्ध तीन असा निकाल झाला: सांगायचे, पण गुरुद्वारातल्या गोळीबारापासून क्रमाने, ‘हुतात्मा’ आणि ‘खुनी’ हे दोन्ही शब्द कोण वापरतो त्यासह. ज्यांचे वडील विरोधात होते त्या मुलानेच तो भाग वाचायला घेतला. त्याने मत मात्र विरोधात दिले होते.

जपानी-कॅनेडियन घरातील मुलीचा भाग शेवटी ठेवला होता, आणि तो लांबीने सर्वांत लहान होता. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर, १९४२ साली, कॅनडा सरकारने प्रशांत किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरच्या पट्ट्यातील सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढले. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमधील जनावरांच्या गोठ्यांत अनेक कुटुंबांना आधी ठेवले गेले आणि मग डोंगरांतल्या ओसाड खाणगावांत पाठवले गेले. घरे, शेते, मासेमारीच्या होड्या सरकारने विकून टाकल्या. युद्ध संपत आले तेव्हा त्यांना सांगितले की रॉकी पर्वतापलीकडे पूर्वेला जा, नाही तर जपानला जा. किनाऱ्यावर परतण्याची मुभा १९४९च्या एप्रिलपर्यंत मिळाली नाही. जवळजवळ ४,००० जण १९४६ साली जपानला गेले, आणि त्यांतील अनेकांनी जपान कधी पाहिलेही नव्हते. तिच्या पणजीची धाकटी बहीण त्यांतली एक, तेव्हा अकरा वर्षांची.

सादरीकरणाची संध्याकाळ बिनचूक पार पडली असे म्हणता येणार नाही. आवाज दोनदा गेला, आणि पृथ्वीचा गोल कॅमेऱ्यासमोर धरताना धागा निसटला. जपानी मुलांनी कोळशाच्या वाक्यावर मान डोलावली. मोजीचे नाव ऐकून मागे कुजबुज झाली. मग प्रश्न आले. खलाशी जपानी होते, तर त्यांना उतरू दिले का? दोन महिने जहाजावर कपडे कसे धुतले? ते प्रवासी आणि कॅनडाचे लोक एकाच राजाचे प्रजाजन होते ना, मग परदेशी कोण होते? हा तिसरा प्रश्न विचारणारा मुलगा वहीत पाहून, एकेक शब्द जुळवत बोलत होता. आमच्या मुलांनी उत्तर दिले की वकिलानेही न्यायालयात हाच मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आणि तो चालला नाही. कपड्यांच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच आले नाही, आणि कोणी बनवून सांगितले नाही, याचे मला बरे वाटले.

शेवटचा प्रश्न एका मुलीने जपानीत विचारला आणि शिक्षिकेने भाषांतर केले. अकरा वर्षांची ती पणजीची बहीण जपानमधल्या शाळेत गेली असेल, तिथली मुले तिच्याशी कशी वागली? आमची विद्यार्थिनी बराच वेळ गप्प राहिली. मग ती म्हणाली, “मला माहीत नाही. आमच्या घरात याविषयी कोणी बोलत नसे. मी विचारले तेव्हा सांगू शकणारे कोणी उरले नव्हते.” पलीकडे ते वाक्य जपानीत सांगितले गेले तेव्हा ते मूळ वाक्यापेक्षा बरेच लांब झाले. शिक्षिकेने त्यात काय घातले ते मी विचारले नाही.

शेवट कशाने करायचा यावरूनही आधी वाद झाला होता. माफीने करावा, असे जवळजवळ सर्वांचे मत. सामग्री तयारच होती: २००८ साली प्रांताच्या विधिमंडळाचा ठराव, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान हार्पर यांनी व्हँकुव्हरजवळच्या सरे येथील मेळ्यात मागितलेली आणि संसदेत मागितली नाही म्हणून तिथेच नाकारली गेलेली माफी, आणि १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी संसदेत मागितलेली माफी. जपानी-कॅनेडियनांसाठी १९८८ साली करार होऊन हयात व्यक्तींना प्रत्येकी २१,००० डॉलर मिळाले होते. जहाज हुसकावण्यात ज्या पलटणीचा हात होता तिचेच नेतृत्व पुढे हरजित सज्जन या शीख अधिकाऱ्याने केले आणि २०१६ साली तेच संरक्षणमंत्री होते, हे तर इतके नेमके जुळत होते की एका मुलाने त्याची शेवटची स्लाइड करूनही आणली होती. मी ती काढायला लावली, आणि हा संपूर्ण उपक्रमातला माझा एकमेव हुकूम. ती गोष्ट खरी आहे, पण ती शेवटी आली की आधीचे सगळे जणू तिथे पोहोचण्यासाठीच घडले असे वाटू लागते, आणि बजबजला मेलेली माणसे तिथे पोहोचली नाहीत. माफ्या मधल्या एका स्लाइडवर, तारखांसह, गेल्या. नाकारलेली माफीही त्यांत होती. जपानी मुलांना तीच सर्वांत विशेष वाटली, कारण मागितलेली माफी नाकारता येते हे त्यांना माहीत नव्हते.

पुढच्या सत्रात बोलण्याची पाळी योकोहामाची आहे. त्यांनी जूनमध्ये विषय कळवला: १ सप्टेंबर १९२३चा कांतो भूकंप आणि त्यानंतर कोरियन लोकांच्या झालेल्या हत्या. भूकंपात योकोहामा जळून उद्ध्वस्त झाले होते. कोरियन मजूर विहिरींत विष घालत आहेत, आगी लावत आहेत, अशा अफवा पसरल्या, आणि रस्त्यांवर लोकांना अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द उच्चारायला लावले जात. कोरियन जिभेला त्यातले काही आवाज जड जातात. त्यांच्या शाळेतही हा विषय घ्यावा की नाही यावर चर्चा झाली, असे शिक्षिकेने एका ओळीत लिहिले होते. सोबत एक पानाचा आराखडा होता. त्यातले चौथे वाक्य असे होते: ‘त्या दिवसांत हजारो कोरियन मारले गेले.’

फिलिपिन्सच्या मुलीने उत्तर लिहायला घेतले. आधी आभार, मग विषय निवडल्याबद्दल दोन ओळी, आणि मग चौथ्या वाक्याबद्दल एकच प्रश्न: कोणी मारले? पाठवण्यापूर्वी तिने मला दाखवले आणि विचारले की हे उद्धट होईल का. मी म्हटले की हाच प्रश्न तू आम्हाला विचारला होतास, तेही पत्रात लिही. तिने लिहिले.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. आराखडा तोच होता, फक्त चौथे वाक्य बदलले होते आणि आता ते दोन ओळींचे झाले होते: ‘त्या दिवसांत आमच्या शहरातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या साध्या माणसांच्या टोळ्यांनी, आणि काही ठिकाणी पोलिसांनी व सैनिकांनी, हजारो कोरियन लोकांना मारले.’ ‘आमच्या’ या शब्दाखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती.